मध्यंतरातली मॅच

मी खानदेशात गेलो तो खानदेश बघायला नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. अजिंठ्याची लेणी तिथून जवळ, असं परत आल्यावर चार जणांनी मला चुकचुकत सांगितलं. मी ती पाहिली नाहीत. मी पाहिला एक फुटबॉल क्लब, आणि तोही पाहिला म्हणण्यापेक्षा तपासला. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून माझी उभी नोकरी झाली आहे. दुकानदारानं तराजू उचलला की माझी नजर मालाकडं न जाता आधी त्याच्या अंगठ्याकडं जाते. बायको म्हणते, देवळात तीर्थ घेतानाही तुम्ही पुजाऱ्याच्या पळीकडं बघता. बघतो. पळ्याही लहानमोठ्या असतात.

कोल्हापूरचा माणूस फुटबॉल बघायला जळगावला जातो हे ऐकून आमच्या पेठेत हसू झालं. आमच्याकडं पोरं नीट चालायच्या आधी लाथ मारायला शिकतात. माझी थोरली मुलगी नीला तशीच गल्लीतल्या मुलांबरोबर खेळत वाढली. पुढं ती उंच झाली, मुलांच्या पायातनं सफाईनं बॉल काढून घ्यायला लागली, आणि मग मुलांना एकाएकी तिची लाज वाटायला लागली. तेव्हापासून ती आमच्या परड्यातल्या भिंतीवर बॉल मारत असे. भिंतीचा गिलावा गेला, पण तिची खोड गेली नाही.

आणीबाणी उठून निवडणुका होऊन गेल्या होत्या, त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. जळगावच्या तापीमाय फुटबॉल मंडळाची पुरुषांची टीम आमच्याकडं सामन्यांना आली होती. त्यांच्या मॅनेजरनं, म्हणजे नानांनी, आमच्या बोळातून जाताना तो भिंतीचा धाडधाड आवाज ऐकला, आत डोकावून पाहिलं आणि सरळ दार वाजवलं. मंडळाची मुलींचीही टीम आहे, मधल्या फळीत जागा रिकामी आहे, मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची नोकरी मिळेल, मॅचचा भत्ता मिळेल, राहायची सोय कॅप्टन बाईंच्या घरी होईल. एवढं एका दमात सांगून, चहा पिऊन ते निघून गेले. परक्या माणसानं आपल्या मुलीविषयी इतकं चांगलं बोलावं, याचा मला तेव्हाच संशय आला.

नीला म्हणाली, "मी जाणार." मी म्हणालो, "आधी मी बघणार." शेवटी असं ठरलं की दोघांनी जायचं, मंडळाचा खानदेशातला दौरा होता तो सबंध हिंडायचा, आणि तिनं तिथं राहायचं की माझ्याबरोबर परत यायचं हे मी शेवटच्या गावी सांगायचं. ती कबूल झाली. फक्त म्हणाली, "बाबा, तिथं कुणाची झडती घेऊ नका." त्याला मी कबूल झालो नाही.

जळगाव

स्टेशनावर नानांबरोबर निम्मी टीम आली होती. नाना भुसावळच्या यार्डातून निवृत्त झालेले, काटकुळे, गळ्यात मफलर आणि मफलरखाली शिट्टी. त्यांच्या मागं एका जाडजूड फुलबॅकनं केळ्यांचा अख्खा घड खांद्यावर घेतला होता. तो त्यानं माझ्या पायाशी ठेवला आणि म्हणाला, "आपल्या बागातला शे." मला आमच्याकडं पाहुण्याला नारळ देतात हे माहीत होतं. घड उचलून कुठं न्यायचा हे कुणी सांगेना. तो घड पुढं सबंध दौरा आमच्याबरोबर फिरला आणि जाईल तिथं कमी होत गेला.

जेवण कॅप्टन सुशीलाअक्कांच्या घरी होतं. अक्का नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका, तिशीच्या, बोलणं थोडं आणि सरळ. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात शिवणयंत्र, दाराशी बुटांची रांग. ताटात वांग्याचं भरीत होतं, हिरव्या मिरचीचं, वर कांद्याची पात. त्याबरोबर भाकरी आली ती काळपट. मी ती उजेडाकडं धरली, मोडून पाहिली आणि बोटांत चुरून पाहिली.

"काय बघता, भाऊ?" अक्कांनी विचारलं.

"पिठात काय मिसळलंय ते बघतोय."

"उडीद. ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळतात. कळण्याची भाकरी म्हणतात तिला. तुमच्याकडं भेसळीत उडीद घालतात का?"

नीलानं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढं गुमान जेवलो. भरीत फार चांगलं होतं. आमच्या तांबड्या रश्श्याला जाळ असतो, या भरताला धूर होता, आणि मी तीनदा मागून घेतलं. तरी संशय जेवणानं जात नाही. सगळे खायला इतक्या आग्रहानं का घालतात, हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला लागलो. मधल्या फळीतली जागा रिकामी का झाली? आधीची मुलगी गेली कुठं? नाना म्हणाले, "इंदूरले गेली, भाऊ." त्या जाडजूड फुलबॅकला विचारलं तर म्हणाला, सुरतेला. अक्का म्हणाल्या, तिची प्रकृती बरी नसते. एका मुलीची तीन ठिकाणं झाली. बाजारात एका मालाचे तीन भाव निघाले की मी पंचनामा करतो. इथं मी गप्प बसलो, पण मनात खूणगाठ बांधली की या मंडळात काहीतरी पाणी मुरतंय.

सराव जिनिंग प्रेसमागच्या मैदानात चालायचा. पाळी सुटली की प्रेसमधले, तेलगिरणीतले, रेल्वेतले खेळाडू यायचे, कुणाच्या भुवईला कापसाचा तंतू, कुणाच्या अंगाला पेंडीचा वास. मुलींमध्ये एक नर्स, दोन शिक्षिका, बाकीच्या शिवणवर्गाच्या किंवा दुकानात कामाला. मुली घोट्यापर्यंत विजारी घालून खेळत. खेळ मात्र खरा होता, तो मला नाकारता आला नाही. अक्कांची जागा पुढं होती आणि त्यांचा डावा पाय असा होता की आमच्या तालमीतले पुरुष तो उसना मागतील.

मंडळाला आधार प्रेसच्या मालकांचा, मारवाडी शेठजींचा. ते खुर्ची टाकून बसत. पुरुषांचा सराव ते मान डोलवत बघत. मुली मैदानात उतरल्या की ते वर्तमानपत्र उघडत आणि त्यात तोंड घालत. मी शेजारीच होतो. पान काही उलटत नव्हतं. अक्कांनी गोल मारला तेव्हा पेपरामागून "वा!" असं ऐकू आलं, आणि मी वळून पाहिलं तर शेठजी कापसाच्या भावाचा रकाना वाचत होते.

नीलाला नानांनी सरावात खेळवलं, पण म्हणाले, "मॅचमधी एवढ्यात नाई. पाहू पुढं, पिंपळनेरले." शेवटच्या गावीच का? मला वाटलं, मला झुलवत ठेवायचा हा डाव आहे.

पहूर

ट्रक सकाळी निघाला. मुली पुढच्या बाजूला सतरंजीवर, पुरुष मागं उभे, मी ड्रायव्हरशेजारी घड मांडीवर घेऊन. बाहेर काळी जमीन, कापसाची बोंडं फुटलेली, वेचणीला आलेल्या बायका ट्रककडं बघून हात हलवायच्या. थंडी आमच्याकडं पडते ती अंगाला लागते. ही कोरडी थंडी थेट ओठ फाडते.

आमच्याबरोबर दुसऱ्या ट्रकमधून भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली मुलींची टीम होती. म्हणजे गावोगाव पुरुषांना प्रतिस्पर्धी तिथला, मुलींना मात्र रोज तीच भुसावळ. रोज त्याच दोन टीम खेळणार तर निकाल आधी ठरत नसेल कशावरून? मी हे नानांना विचारलं. ते म्हणाले, "ठरला असता तर मी रोज हरलो असतो का, भाऊ?" हे उत्तर झालं नाही.

पहूरला कापणी झालेल्या शेतात मैदान आखलं होतं. बैलगाडीवर कर्णा बांधला होता आणि नाना त्यातून बोलत होते. पुरुषांची मॅच सुरू झाली, पहिला अर्धा भाग संपला आणि पुरुष बाहेर आले. मला वाटलं पाणी पितील. तर ते घोंगड्या पांघरून बसलेच, आणि मुलींची मॅच सुरू झाली. आख्खी मॅच. ती संपल्यावर पुरुष लंगडत उठले आणि त्यांनी आपला उरलेला अर्धा भाग खेळून काढला. आखडलेल्या पायांनी पाचोळ्यासारखे पडत होते बिचारे.

"हा कुठला नियम?" मी जाडजूड फुलबॅकला विचारलं. त्याच्या पोटरीत गोळा आला होता.

"आमचा," तो म्हणाला आणि पोटरी चोळत राहिला.

पण माझा पारा चढला तो वेगळ्याच कारणानं. मुली ओळीनं उभ्या राहिल्या आणि नानांनी कर्ण्यातून नावं सांगितली. पूर्ण नावं, बापाच्या नावासकट. हाफबॅक कमल पहूरचीच, हे तिनंच मला ट्रकमध्ये चढताना सांगितलं होतं. ती पुढं आली तेव्हा नानांनी पुकारलं अनसूयाचं नाव. गोलकीपर अनसूया पुढं आली, तर पुकारलं लताचं. लता पुढं आली तर कमलचं. मला वाटलं नानांची चूक झाली. मग गोल झाला, तेव्हाही त्यांनी चुकीचंच नाव घेतलं, अगदी ठासून. म्हणजे चूक नव्हती. पोतं एकाचं आणि चिठ्ठी दुसऱ्याची, असा तो प्रकार होता.

निघताना मी नानांना गाठलं. "नावं बदलून खेळवता? कोण कुठली मुलगी, हे लपवण्यासारखं काय आहे तुमच्याकडं?"

नानांनी मफलर सारखी केली. "भाऊ, तुमी वजनं तपासा. नावं ऱ्हाऊ द्या."

मी तपासणीला गेलो की मुद्देमाल लपवणारे दुकानदार नेमके असंच बोलतात. मी नीलाला बाजूला घेऊन म्हणालो, "सामान बांध. धुळ्याहून आपण परत फिरतोय." ती म्हणाली, "शेवटच्या गावी सांगायचं ठरलंय." आणि ती कमलशेजारी सतरंजीवर जाऊन बसली. तिला सगळं आधीच ठाऊक होतं आणि तिनं मला सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. फार राग आला. इतका, की मी घडातली दोन केळी खाल्ली आणि ती कशी लागली तेही आठवत नाही.

धुळे

धुळ्याला उतरल्यावर पहिल्या सकाळी अक्का, लता आणि आणखी दोघी साड्या नेसून, डोक्यावर पदर घेऊन गुपचूप बाहेर पडल्या. खेळाडू सकाळी पळायला जातात, साड्या नेसून कुठं जातात? मी अंतर ठेवून मागं निघालो. धुळ्याचे रस्ते सरळ रेघेसारखे, एकमेकांना काटकोनात छेदणारे, त्यामुळं माणसावर पाळत ठेवणं सोपं जातं. अडचण अशी की पाळत ठेवणाराही तितकाच लांबून दिसतो. एका गल्लीत अक्का थांबल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, दमलात का? या, चहा घेऊन जाऊ."

घर लताच्या मामांचं होतं. लताला वडील नाहीत, मामांनीच वाढवलेली. मामा सराफ कट्ट्यावर मुनीम, कपाळाला गंध, आवाजाला धार. मामींनी शेव आणि चहा पुढं केला. अर्धा तास बोलणं झालं ते थंडीचं, उडदाच्या पापडांचं आणि कुणाच्या तरी साखरपुड्याचं. मी सहज विचारलं, "लता जळगावला काय करते?" मामा म्हणाले, "शिवणकाम शिकते. हात चांगला आहे तिचा." लता जमिनीकडं बघत होती. अक्का चहात फुंकर घालत होत्या. हात कसा आहे ते मला माहीत नव्हतं, पण उजवा पाय मी पाहिला होता. माझ्या जिभेवर आलं होतं. अक्कांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि मी शेवेचा बकाणा भरला.

संध्याकाळी पांझरेकाठच्या मैदानावर हेच मामा पहिल्या रांगेत. चार नातेवाईक बरोबर. पुरुषांचा अर्धा भाग झाला, मुली उतरल्या, नानांनी लताला कमल म्हणून पुकारलं. मामा हलले नाहीत. पहिल्या पाचदहा मिनिटांतच लतानं उजव्या बाजूनं दोघींना चकवून असा क्रॉस टाकला की अक्कांना फक्त डोकं लावायचं काम उरलं. मामा उभे राहिले. हातातली टोपी हवेत हलवत ओरडले, "शाब्बास, कमल!"

मग खाली बसले आणि शेजारच्या नातेवाईकाला म्हणाले, "चांगली खेळते ही जळगावची पोरगी." नातेवाईक म्हणाला, "हो ना." तो लताचा चुलता होता, मी सकाळीच त्याच्या हातून पान खाल्लं होतं.

मला पुढची मॅच दिसली नाही. संपल्यावर मी अक्कांकडं गेलो आणि म्हणालो, "आता सांगा."

त्या बुटाच्या नाड्या सोडत होत्या. "त्यात सांगण्यासारखं काय आहे, भाऊ? कर्ण्यातून लताच्या घरचं नाव गेलं की दुसऱ्या दिवशी समाजाच्या बैठकीत प्रश्न निघणार, म्हणून बापांची नावं नाना मनचीच लावतात. नाव गेलं नाही तर कुणी काही पाहिलेलं नाही. मामांनाही माहीत आहे, चुलत्यांनाही माहीत आहे, बैठकीतल्या म्हाताऱ्यांनाही माहीत आहे. ते सगळे पुरुषांची मॅच बघायला येतात. मधेच आमची लागली, तर उठून कुठं जाणार? त्यांची पुढची अर्धी राहिलेली असते."

"म्हणून पुरुषांना मध्ये थंडीत बसवता?"

"ते आपण होऊन बसतात. त्यांनीच काढलेली युक्ती ती. गुडघे त्यांचे जातात."

"आणि ती इंदूरची, सुरतेची, आजारी?"

"ती पहिली का? लग्न झालं तिचं. सासरी फुटबॉलचं माहीत नाही. काय सांगायचं ते आमचं ठरायचं राहून गेलं." अक्का पहिल्यांदाच मनापासून हसल्या. "आम्हाला खोटं बोलायचा सराव कमी पडतो."

मला हसू आलं नाही. मी स्पष्ट सांगितलं की हे मला पटत नाही. मुलगी खेळते तर उघड खेळावी, नाहीतर खेळू नये. माझी मुलगी खेळेल ती माझ्या नावावर. आयुष्यभर मी खोट्या शिक्क्यांची मापं जप्त केली, आता पोटच्या पोरीवर खोटा शिक्का मारू देणार नाही.

अक्का म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे." आणि पिशवी उचलून निघून गेल्या. बरोबर आहे असं म्हणून कुणी निघून गेलं की फार अवघडल्यासारखं होतं.

पिंपळनेर

साक्रीच्या पुढं डोंगर जवळ येतात आणि हवा बदलते. वाटेत एके ठिकाणी ट्रकचं चाक पंक्चर झालं, तेव्हा एका घरातून आम्हाला गरम मांडे मिळाले. उपड्या खापरावर भाजलेले, पातळ, टेबलक्लॉथएवढे. ते बनवणारी बाई पुरणाची पोळी हातावर झेलत झेलत वाढवत होती आणि एक अवाक्षर बोलत नव्हती. आमच्याकडं पुरणपोळीला लाटणं लागतं. मी हात धुवायला विसरलो आणि नीलानं मला घड्या घालून कसं खायचं ते दाखवलं. तिला ते कमलनं शिकवलं होतं. ती तिथं रुळली होती, आणि ते बघून मला बरंही वाटलं नाही आणि वाईटही म्हणवेना. मला नुसती भीती वाटत होती की ही आता माझ्या हातची राहिली नाही.

मैदान नदीच्या वरच्या अंगाला होतं. नाना बैलगाडीवर कर्ण्याची जुळवाजुळव करत होते. मला बघून खाली उतरले. "भाऊ, नीला आज खेळनार. काय नाव सांगू?"

"तिचं आहे तेच. नीला दत्तात्रय. आडनाव मी लिहून देऊ का?"

नानांनी अक्कांना हाक मारली. अक्का आल्या, त्यांच्याबरोबर नीला, आणि थोडी मागं गोलकीपर अनसूया. अनसूया जवळच्याच पाड्यापलीकडच्या वस्तीची. सकाळपासून ती कुणाशी बोललेली नव्हती.

"भाऊ," अक्का म्हणाल्या, "अनसूयाचे वडील सुकदेवआबा आज येणार आहेत. पहिल्यांदाच. त्यांच्याबरोबर भाऊबंद आहेत, म्हातारे आहेत. सगळं सांभाळून येतायत ते. तुम्ही तुमचं नाव पुकारलंत आणि छाती काढून बसलात, तर ते भाऊबंद सुकदेवआबांना काय म्हणतील? म्हणतील, बघा, कोल्हापूरचा बाप नाव सांगतो. तुम्ही का तोंड लपवता? मग आबांना बोलावं लागेल. हो, खेळू देतो, म्हणाले तर बैठक बसेल. नाही म्हणाले तर हिला इथूनच घरी न्यावं लागेल."

"म्हणजे मी खरं बोललो तर दोष माझा?"

"दोष कुणाचाच नाही. पण जाईल ती ही."

मी अनसूयाकडं पाहिलं. ती हातमोजे घालत होती, काढत होती, पुन्हा घालत होती. मला वाटलं होतं नीला मध्ये पडेल, माझी बाजू घेईल किंवा रडेल. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मला इथं राहायचंय. तुमचं नाव लावून राहता आलं तर छानच. नाही लावता आलं तरी मी तुमचीच."

हे मला लागलं. फार लागलं. तिच्या जन्मापासून शाळेत, दवाखान्यात, सगळीकडं तिच्या नावापुढं मी होतो, आणि आता ती मला सांभाळून बाजूला ठेवत होती. मी तिथून चालत नदीच्या कडेपर्यंत गेलो आणि परत आलो. नाना तिथंच उभे होते, शिट्टी बोटाला गुंडाळत.

"लिहा," मी म्हणालो. "कुसुम बाबूराव." बाबूराव हे आमच्या कचेरीतल्या शिपायाचं नाव. दुसरं कुठलं सुचेना.

मग मी मंडळाच्या खुर्च्यांकडं गेलो नाही. उतारावर लोक बसले होते तिकडं गेलो. एका झाडाखाली पांढऱ्या टोपीचे, मिशा पिकलेले एक शेतकरी मांडी घालून बसले होते, थोड्या अंतरावर त्यांचे चारपाच सोबती. त्यांनी मला पाहिलं आणि घोंगडीची कड सोडली. "आठे बठा भाऊ. सावली शे." मी बसलो. कोण असतील हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मुली मैदानात उतरल्या तेव्हा कळलं, कारण सगळे बॉलकडं बघत होते आणि ते गोलपोस्टकडं.

कर्ण्यातून कुसुम बाबूराव असं नाव आलं, आणि नीलानं पुढं येऊन नमस्कार केला. आजूबाजूला कुणीही वळून पाहिलं नाही. मीही चेहरा कोरा ठेवला. इतकं अवघड काम मी सरकारी नोकरीत केलेलं नाही.

ती सुंदर खेळली. मधल्या फळीत तिनं भुसावळच्या मुलींना जागाच दिली नाही. तिचा लांब पाय पुढं यायचा आणि बॉल निघून यायचा. माझे हात टाळ्यांसाठी उठायचे आणि मी ते काखेत दाबायचो.

"ती उंच पोर कोननी शे?" शेजारच्यांनी मैदानावरची नजर न काढता विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"चांगली खेळी राह्यनी."

थोड्या वेळानं अनसूयानं उजवीकडं झेप घेऊन एक बॉल बाहेर ढकलला. शेजारच्यांचा श्वास मला ऐकू आला. मी विचारलं, "आणि ती गोलमधली कुणाची?"

"मालेबी नही माहीत," ते म्हणाले. त्यांनी धोतराच्या सोग्यातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या, ओंजळभर माझ्यापुढं ठेवल्या.

मॅच संपत आली आणि तेव्हा नीलानं घोटाळा केला. भुसावळची पुढची मुलगी बॉल घेऊन थेट गोलसमोर आली, नीला मागून धावली, पाय घातला आणि मुलगी तोंडावर पडली. पेनल्टी. नीला दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभी राहिली. उतारावरचे लोक कुसुम बाबूरावला काय काय बोलले ते मी लिहीत नाही. बाबूरावला मी त्याबद्दल अजून काही सांगितलेलं नाही.

भुसावळच्या मुलीनं बॉल ठेवला. अनसूया दोन काठ्यांच्या मधोमध उभी होती. माझ्या मुलीची चूक तिच्या माथी आली होती आणि तिचा बाप माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि त्यानं गुडघा धरला. मुलगी धावली, फटका बसला, अनसूया डावीकडं पडली, आणि बॉल तिच्या छातीशी होता.

सगळा उतार उठला. त्यांचे सोबती ओरडत उठले, "लता! लता!" म्हणून, कारण त्या दिवशी ती लता होती. आम्ही दोघंच बसून राहिलो. खाली नीलानं अनसूयाला मातीतून उचललं आणि दोघी तशाच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसलं तर कुणी विचारील म्हणून मी पुसलं नाही. शेजारी पाहिलं तर तेही पुसत नव्हते.

पुरुष घोंगड्या टाकून आपला उरलेला अर्धा भाग खेळायला उठले. लोक पुन्हा बसले. त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला आणि शेंगांची टरफलं गोळा करायला लागले.

"कव्हय जाशात, भाऊ?"

"उद्या."

खाली मुली ट्रककडं चालल्या होत्या. त्यातल्या उंच मुलीकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडं.

"एकलाच?"

"एकटाच," मी म्हणालो.